मोठा थ्रॉटल बसवला की पिकअप खरंच वाढतो का?

गाडीला ‘रेस दिली’ की इंजिनात जास्त पेट्रोल सुटतं, असं बहुतेकांना वाटतं. पेट्रोल गाडीत पाय ज्यावर दाबतो ते पेडल मुळात हवा सोडतं. एअर फिल्टरच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) तोंडाशी थ्रॉटल बॉडी असते: एक गोल मार्ग आणि त्यात दांड्यावर फिरणारी चकती. चकती उघडेल तेवढी हवा आत येते आणि त्या हवेच्या हिशेबानं ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल फवारतो. 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा. म्हणजे लिटरभर पेट्रोल जाळायला तब्बल 9 हजार लिटर हवा लागते! ताकद हवी तर हवा वाढवा, हे तत्त्व बरोबरच आहे. मोठ्या व्यासाच्या थ्रॉटल बॉडी त्याच्याच जोरावर विकल्या जातात.

पण हिशेब करून बघू. 1.2 लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा 1.2 लिटर हवा ओढतं. 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्या), सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं, तर सेकंदाला 60 लिटर. 46 मिलिमीटरच्या मार्गातून ही हवा सेकंदाला 36 मीटर वेगानं धावते, म्हणजे ताशी 130 किलोमीटर. मार्ग 52 मिलिमीटरचा केला तर वेग 28 मीटरवर येतो. या वेगापायी पहिल्या मार्गात सुमारे 780 पास्कल दाब खर्च होतो, दुसऱ्यात 480. वाचले 300. वातावरणाचा दाब एक लाखाच्या घरात, त्यात हे 0.3 टक्के. आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून रस्त्यावर उतरलं तरी हवेचा दाब जवळपास एवढाच वाढतो. चकती आणि दांड्याचा अडथळा धरून हा फरक तिप्पट मानला, तरी एक टक्क्याच्या आतच राहतो. किनाऱ्यावरून महाबळेश्वरला चढताना याच इंजिनाची सुमारे 15 टक्के हवा कमी होते.

मग मोठा थ्रॉटल बसवल्यावर गाडी चपळ झाली असं चालवणारे सांगतात, ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. 52 मिलिमीटरच्या मार्गाचं क्षेत्रफळ 28 टक्के जास्त, त्यामुळे पेडल तेवढंच दाबलं तरी हवा जास्त येते. पूर्वी अर्ध्या पेडलला मिळायचा तो जोर आता थोडं कमी दाबूनच मिळतो. पेडल तळाला टेकलं की मात्र दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. शिवाय रहदारीत हळू चालवताना गाडी झटके देऊ लागते.

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, हेडचे पोर्ट (सिलिंडरात हवा जाण्या-येण्याचे मार्ग) मोकळे केले, इंजिन 8000 आरपीएमपर्यंत न्यायचं ठरवलं, की चित्र पालटतं. हवेचा वेग दुप्पट झाला की दाबाची घट चौपट होते; तिथे मूळ थ्रॉटल खरोखर गळा आवळतो आणि मोठा बसवणं सार्थ ठरतं, अर्थात ईसीयूचं ट्यूनिंग नव्यानं करून. पहिल्या बीएमडब्ल्यू एम3 मध्ये चार सिलिंडरांना चार स्वतंत्र थ्रॉटल होते, 1989 च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहांना सहा. चकती व्हॉल्व्हच्या इतकी जवळ आली की मधली पोकळी भरण्यात वेळ जात नाही आणि पाय हलताच इंजिन उत्तर देतं. मला हा उपाय फार देखणा वाटतो.

रोजच्या गाडीसाठी पैसे खर्चायचेच असतील तर आधी आहे तीच थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. क्रॅंककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलकट भागातून) येणाऱ्या वाफेचा काळा थर चकतीच्या कडेला साचतो आणि आयडलिंग (पेडल न दाबता इंजिनाचं चालणं) वर-खाली होऊ लागतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटानं ढकलू नका, आतले गिअर दुखावतात; आणि सफाईनंतर ईसीयूला आयडलिंग पुन्हा शिकवायला मेकॅनिकला सांगा.