वाडीच्या संघाचा कर्णधार : निवडीमागचा इतिहास

भातकापणी आटोपून मळे मोकळे झाले की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील गावांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने सुरू होतात, आणि मे महिन्यात आलेले चाकरमानी मुंबईला परतेपर्यंत ते चालू राहतात. स्पर्धेचा अर्ज भरताना खेळाडूंची यादी बहुधा लवकर जमते, पण कर्णधाराच्या नावाशी येऊन मंडळाची बैठक अडते. कोण चांगला खेळतो हे वाडीत सर्वांनाच ठाऊक असते. कोणाचे सांगणे बाकीचे ऐकतील, आणि संघ जमवण्याचा अधिकार कोणाचा, यावर वाद होतो, आणि तो आजचा नाही.

हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, किंवा आट्यापाट्या हे खेळ नियमावलीत बांधले जाण्यापूर्वी त्यांत कायमचा कर्णधार असा कोणी नव्हता. दोन दांडगे गडी पुढे उभे राहत, बाकीची मुले जोडीजोडीने टोपणनावे घेऊन येत आणि ‘सूर्य घेणार की चंद्र’ असे विचारून भिडूंची वाटणी होई. पुढारपण त्या संध्याकाळपुरते असे. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र बदलू लागले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरवले, त्यानंतर काही वर्षांतच साताऱ्यात हुतूतूच्या नियमांना आकार आला आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. स्पर्धा म्हटली की नाणेफेक आली, खेळाडूंची यादी आली, पंचांकडे करायची तक्रारही आली. या सगळ्यांसाठी संघातला एक माणूस उत्तरदायी धरणे भाग पडले.

कर्णधारपद हा मान आहे ही समजूत मात्र प्रामुख्याने क्रिकेटबरोबर आली. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा कितीही निष्णात असला तरी नेतृत्व हौशी ‘जंटलमन’कडे राही; विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाला पहिला व्यावसायिक कर्णधार, लेन हटन, मिळायला १९५२ साल उजाडले. आपल्याकडे त्या ‘जंटलमन’ची जागा संस्थानिकांनी घेतली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर पतियाळाचे महाराज कर्णधार होते, १९३२ च्या दौऱ्यावर पोरबंदरचे. पोरबंदरच्या महाराजांनी आपल्या खेळाची कुवत ओळखून लॉर्ड्‌सच्या कसोटीत सी. के. नायडूंना पुढे केले, हा त्यांचा मोठेपणाच म्हटला पाहिजे, कारण १९३६ च्या दौऱ्यावर विजयानगरमच्या महाराजकुमारांना तसे काही सुचले नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण कोकणच्या नावाशी जोडलेले आहे. पालवणकर बंधूंचे आडनाव त्यांच्या कोकणातील पालवण या मूळ गावावरून आले. चर्मकार कुटुंबातील बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला आणि ते पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता गोलंदाजी शिकले. हिंदूंच्या संघातून खेळू लागल्यावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सहकाऱ्यांच्या हाती जाई, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांच्या मुंबईतील चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना द्यावे ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि वर्षानुवर्षे डावलली गेली.

१९२० मध्ये ती मागणी मैदानापर्यंत पोहोचली. नियुक्त कर्णधार म. द. पै आजारी पडल्यावर नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले; बाळूंना तर संघातूनच वगळले होते. त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. बाळू उपकर्णधार झाले, आणि बरे होऊन परतलेले पै सामन्यात काही काळ मैदानाबाहेर गेल्यामुळे तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंनी केले. तडजोडीची ही तऱ्हा मला आजही ओळखीची वाटते : अधिकार द्यायचा, पण कागदावर नाही. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली.

कोकणातील गावांत हा प्रश्न पालखीच्या आणि गावकीच्या मानपानाच्या शेजारीच वाढला. त्याला वेगळे वळण दिले ते मुंबईने. लालबाग-परळच्या गिरणगावात गावोगावच्या मंडळींच्या खोल्या होत्या, तेथेच गावाच्या नावाची मंडळे निघाली, आणि गणवेशाचा व प्रवेश फीचा खर्च मुंबईकरांकडून येऊ लागला. साहजिकच कर्णधारही मुंबईकर. वर्षभर गावात सराव करणाऱ्या पोरांना हे पटत नसे, आणि मुंबईहून आलेल्याला रात्रीच्या गाडीतून उतरून सकाळी संघ चालवायचा असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबे गावी परतली, तेव्हा हे पारडे काही ठिकाणी गावाकडे झुकले.

कबड्डीत आणखी एक अडचण आहे, तिचा विचार निवडीच्या वेळी क्वचितच होतो. क्रिकेटमधला कर्णधार बाद झाला तरी क्षेत्ररक्षणाला पुन्हा मैदानात असतोच, पण कबड्डीचा कर्णधार बाद झाला की बाहेरच्या चौकटीत जाऊन बसतो. भरवशाचा चढाईपटू डावात वारंवार धोका पत्करतो, म्हणजे संघाचा आवाजही वारंवार बाहेर बसतो. मग दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचे, वेळ कधी मागायची, हे सहाजण आपापसात ओरडून ठरवतात. बचावात कोपरा सांभाळणारा शांत डोक्याचा गडी या कामाला अधिक योग्य, असे माझे मत आहे. पण टाळ्या चढाईला पडतात आणि मतेही तिकडेच जातात.

अलीकडचा बदल खेळाडूंच्या लिलावाचा आहे. २००८ मध्ये आयपीएल आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यानंतर त्यांच्या धर्तीवर गावपातळीवरही ‘प्रीमियर लीग’ निघाल्या. संघमालक आला, ‘आयकॉन’ खेळाडू आला, आणि कर्णधार बहुधा मालकच ठरवू लागला. किनाऱ्यावरच्या लोकांना होडी नाखव्याची, म्हणजे मालकाची, असली तरी समुद्रात शब्द ती चालवणाऱ्या तांडेलाचा असतो हे सांगावे लागत नाही, तरी सामन्याच्या ऐन रंगात सीमारेषेबाहेरून क्षेत्ररक्षण बदलणारे मालक आता जागोजागी दिसतात. यावर काही मंडळांनी साधा उपाय काढला आहे : कर्णधाराचे नाव लिलावापूर्वी, मंडळाच्या सभेत खेळाडूंच्या हात वर करून होणाऱ्या मतदानाने ठरवायचे, आणि कर्णधार मुंबईत नोकरीला असेल तर उपकर्णधार गावात राहणाराच घ्यायचा, म्हणजे रजा नामंजूर झाली तरी नाणेफेकीला कोण जाणार हा प्रश्न उरत नाही.