वृक्षांचे परिस्थिती-शरीरक्रियाविज्ञान

पाणी, उजेड, उष्णता आणि माती यांच्या चढउतारांनुसार वृक्षाच्या अंतर्गत क्रिया कशा बदलतात, याचा अभ्यास करणारी वनस्पतिविज्ञानाची शाखा. तिचा आरंभ साधारणपणे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांच्या १८९८ मधील ग्रंथापासून मानतात. मात्र रसारोहणाची (खोडातून पाणी वर चढण्याची) चर्चा त्याआधीच रंगात आली होती.

मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे? स्ट्रासबुर्गर यांनी विषारी द्रावणाने खोडातील पेशी मारल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले; म्हणजे चढण्यासाठी जिवंत पेशींची गरज दिसली नाही. बाष्पोच्छ्वासामुळे (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडल्याने) प्रकाष्ठातील, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीतील, जलस्तंभ वरून ओढला जातो, असे डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडले. त्याच सुमारास अस्केनाझी यांनीही तसाच विचार मांडल्याने आणि ब्यम यांचे काम त्याआधीचे असल्याने अग्रमान कोणाला द्यावा, याबद्दल मतभेद आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये जिवंत पेशींच्या स्पंदनांवर भर दिला. त्यांची उपकरणे विलक्षण नाजूक होती, पण पुढील पुरावा ओढीच्या बाजूने अधिक आहे. कोरड्या दिवसांत ओढ वाढून जलस्तंभात बुडबुडा शिरला की ती वाहिनी निकामी होते. त्यामुळे बाष्पोच्छ्वास आवरण्यासाठी त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) मिटतात, पाने गळतात.

पुण्यात वर्षाला सु. ७०० ते ७५० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पश्चिमेला ताम्हिणी घाटात तो कित्येक पट आहे. पुण्याच्या टेकड्यांवर असिताश्मावर (बेसाल्ट खडकावर) मुरुमाचा पातळ थर असतो, तरीही करंज, कुसुम यांना ऐन उन्हाळ्यात पालवी फुटते. यामागे दिवसाची वाढती लांबी असावी, असे काहींचे मत आहे. पानगळीने खर्च थांबून खोडात पुन्हा भरलेले पाणी अधिक महत्त्वाचे, असे इतर मानतात. हलक्या लाकडाचे पांगारा व काटेसावर यांना दुसरे स्पष्टीकरण चांगले लागू पडते. धावड्यासारखी जड लाकडाची झाडे पाणी साठवण्यापेक्षा तुटवडा सोसतात. हंगामी कोरड्या हवामानातील वृक्षांवर पुण्याच्या आयसर या विज्ञानशिक्षण व संशोधन संस्थेत झालेल्या अभ्यासात, दर क्षेत्रफळामागे वजन अधिक असलेली पाने जास्त उष्णता सोसतात, असे आढळले.

वनव्यवस्थापनात हे ज्ञान प्रथम प्रजातींच्या निवडीत उपयोगी पडते. पुण्यातील वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी लावलेले गिरिपुष्प (उंदीरमारी) हे मूळचे मध्य अमेरिकेचे झाड. मुळांवरील नत्र स्थिर करणाऱ्या गाठींमुळे ते निकृष्ट मातीत तगते, कोरड्या काळात पाने टाकते आणि तोडले तरी फुटते. टेकडी लवकर हिरवी झाली ती यामुळेच. मात्र त्याच्या दाट सावलीत गवत व स्थानिक रोपटी मागे पडतात, ही तक्रार रास्त वाटते. दाट लागवडीत विरळणी केल्याने उरलेल्या झाडांच्या वाट्याला अधिक पाणी येते.

समतल चर खोदून पावसाचे पाणी मुरवले, तरी रोपाचे मूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल गेले नाही तर रोप उन्हाळ्यात जळते. त्यामुळे जगलेल्या रोपांची मोजणी ऑगस्टऐवजी पुढील मे महिन्याच्या अखेरीस करणे अधिक योग्य.