निओइ : जपानी संस्कृतीतील गंध आणि शरीरगंध

‘वास’ या अर्थाचा जपानी शब्द. उच्चार एकच, लिहिण्याची चिन्हे मात्र दोन : एका चिन्हाने लिहिला तर हवासा वास, दुसऱ्याने लिहिला तर नकोसा. बोलताना नेमका कोणता, हे प्रसंगावरून आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडायचे. मराठीचीही गत फार वेगळी नाही. ‘सुवास’, ‘दर्प’, ‘घाण’ असे शब्द हाताशी असले तरी ‘वास येतोय’ एवढेच कोणी म्हटले की आपण आधी नाक मुरडतो. निव्वळ सुगंधासाठी जपानीत ‘काओरी’ हा शब्द आहे आणि दुर्गंधासाठी ‘कुसाइ’ हे विशेषण. हे कुसाइ फार कामाचे आहे. संशयास्पद व्यवहार कुसाइ, सिनेमातला भडक प्रेमसंवाद कुसाइ, आणि पाश्चात्त्य वळणाचा चेहरा वा शैली ‘बाताकुसाइ’, म्हणजे लोण्याचा वास मारणारी.

जुन्या जपानीत निओइ नाकापुरता नव्हता. रंग खुलून दिसणे, फुलाची झळाळी डोळ्यांत भरणे यालाही हाच शब्द होता. जपानी अक्षरमालेतले प्रत्येक अक्षर एकदाच वापरून रचलेली ‘इरोहा’ नावाच्या जुन्या कवितेच्या पहिल्याच ओळीत हा शब्द येतो : रंग कितीही खुलले तरी फुले गळून जातात. तेथे वास घ्यायचा नाही, पाहायचे आहे.

हेइआन दरबार

आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतच्या हेइआन काळात क्योतोच्या दरबारी माणसाची ओळख त्याच्या वासावरून पटे. स्त्रिया पडद्याआड, दिवे मिणमिणते, भेटी रात्रीच्या. चेहरा दिसण्याआधी वास पोहोचायचा. हा वास अंगाला चोपडायचा नसे, कपड्यांत मुरवायचा असे. अगरू हे सुगंधी लाकूड, चंदन, लवंग, शिंपल्यांची पूड असे जिन्नस कुटून मधात मळायचे, त्यांच्या गोळ्या वळायच्या आणि भांड्यात घालून पाण्याजवळच्या ओलसर मातीत मुरायला पुरायच्या. त्यांना ‘ताकिमोनो’ म्हणत. मग निखाऱ्यावर गोळी ठेवून वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि त्या टोपलीवर किमोनो पसरायचा. खाली गरम पाण्याचे भांडेही ठेवत, कारण दमट कापडात धूर चांगला धरतो. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक-धुरी देताना शेगडीवर टोपली पालथी घालतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको. मिश्रणाचे प्रमाण ज्याचे त्याचे, आणि ते गुप्त.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारी लेखिकेने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीच्या उत्तरार्धात दोन नायक येतात. काओरू याच्या अंगाला जन्मतःच सुगंध आहे. दुसरा राजपुत्र निओउ. त्याला हे खुपते, म्हणून तो रात्रंदिवस उंची धूप मिसळत कपडे गंधवत बसतो. एकाची देणगी, दुसऱ्याची मेहनत, आणि दोघांचेही मन उकिफुने या एकाच मुलीवर. गंमत अशी की देणगी मिळालेला काओरूच जास्त अवघडलेला आहे. कुठे लपून जावे तर वास चुगली करतो. निओउ मात्र एका रात्री काओरूचा आवाज काढून उकिफुनेच्या खोलीत शिरतो आणि अंधारात दासी फसते. शरीराच्या वासाने संकोचलेला नायक जपानी साहित्यात हजार वर्षांपासून आहे. फक्त तेव्हा तो वास सुगंध होता.

धूप ‘ऐकणे’

मुरोमाची काळात, पंधराव्या शतकात, शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासाच्या आश्रयाने गंधाची रीतसर विद्या झाली. तिला ‘कोदो’ म्हणतात. सान्जोनिशी सानेताका आणि शिनो सोशिन या दोघांकडे तिच्या दोन प्रमुख परंपरा जातात. कोदोत वास घेत नाहीत, ‘ऐकतात’. राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची चकती, तिच्यावर नखाएवढी अगरूची कपची. लाकूड जळू द्यायचे नाही, नुसते तापू द्यायचे. वाडगा डाव्या तळहातावर, उजव्या हाताची ओंजळ वरून झाकलेली आणि अंगठ्याजवळच्या फटीत नाक. ‘गेंजी-को’ या खेळात पाच प्रकारच्या अगरूच्या प्रत्येकी पाच अशा पंचवीस पुड्यांतून पाच उचलतात आणि त्यांत कोणकोणते वास सारखे ते ओळखायचे असते. शक्य उत्तरे बावन्न. प्रत्येक उत्तराला उभ्या-आडव्या रेघांचे एक चिन्ह आणि गेंजीच्या एकेका प्रकरणाचे नाव आहे. प्रकरणे चोपन्न असल्याने पहिले आणि शेवटचे गाळले आहे.

अगरू जपानात उगवत नाही. इ. स. ५९५ मध्ये आवाजी बेटाच्या किनाऱ्याला त्याचा ओंडका लागल्याची नोंद ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात आहे. नाराच्या शोसोइन भांडारातला ‘रान्जाताइ’ हा ओंडका सुमारे दीड मीटर लांब आणि ११.६ किलो वजनाचा आहे. त्याची कपची तोडण्याचा मान ही सत्तेची खूण होती. योशिमासाने ती तोडली, १५७४ मध्ये सरदार ओदा नोबुनागाने तोडली आणि १८७७ मध्ये सम्राट मेइजींनी. सर्वोत्तम अगरूला जपानी ‘क्यारा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘कालागुरु’वरून आला. आपली अगरबत्ती नावाने त्याच घराण्यातली आहे, मग तिच्यात अगरू असो वा नसो.

कानातला मळ

विसाव्या शतकात विषय कपड्यांवरून काखेत गेला. क्योतो विद्यापीठातले शरीररचनाशास्त्रज्ञ आदाची बुन्तारो यांनी १९०३ मध्ये युरोपीय लोकांच्या अंगाच्या वासावर जर्मन भाषेत लेख लिहिला, आणि १९३७ मध्ये काखेचा वास व कानातला मळ यांचा संबंध मांडला. ज्यांचा मळ ओलसर, चिकट, त्यांच्या काखेला वास. ज्यांचा कोरडा, भुसभुशीत, त्यांच्या काखेला जवळपास नाही. नागासाकी विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने २००६ मध्ये याचे कारण दाखवले : सोळाव्या गुणसूत्रावरील एबीसीसी११ या जनुकातला एका अक्षराचा फरक. त्यानंतर जपानभरच्या शाळकरी विद्यार्थ्यांनी नखांचे तुकडे गोळा करून या जनुकाचा देशाचा नकाशा तयार केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व आशियात कोरडा मळ बहुसंख्यांचा. ओकिनावात ओलसर मळाचे प्रमाण मुख्य बेटांपेक्षा जास्त. युरोप आणि आफ्रिकेत ओलसरच नेहमीचा, भारतात दोन्ही आढळतात.

जगात इतरत्र जी सर्वसाधारण गोष्ट, ती जपानात अल्पसंख्य ठरते. काखेच्या वासाला तिथे ‘वाकिगा’ असे वेगळे नाव आहे आणि त्यावर शस्त्रक्रियाही करून घेतात. माझ्या मते पुढचा सगळा संकोच समजून घ्यायला हा एक मुद्दा संस्कृतीच्या दहा सिद्धांतांपेक्षा उपयोगी आहे.

आपल्या वासाची भीती

‘जिकोशू-क्योफू’ म्हणजे स्वतःच्या वासाची भीती. जपानी मानसोपचारात ती ‘ताइजिन क्योफुशो’ या लोकभयाचा एक प्रकार मानली जाते. त्यातली मेख अशी की आपली फजिती होईल ही धास्ती दुय्यम. आपल्यामुळे समोरच्याला त्रास होतो ही मुख्य. गाडीत शेजारच्याने रुमाल नाकाला लावला, कोणी खिडकी उघडली, की रुग्णाला पुरावा मिळाला. प्रत्यक्षात बहुतेकदा वास नसतोच. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत हा जपानी शब्द जसाच्या तसा घेतला आहे.

लोकभयावर उपचार उभा करणारे तोक्योचे मनोविकारतज्ज्ञ मोरिता मासाताके (१८७४–१९३८) यांचा कळीचा शब्द होता ‘आरुगामामा’, म्हणजे ‘आहे तसे’. भीती घालवायच्या मागे लागू नका. ती राहू द्या आणि समोरचे काम करा. त्यांच्या पद्धतीत रुग्णाला आधी काही दिवस नुसते अंथरुणात पडून राहावे लागे, मग हलकी कामे, मग जड. मन मोकळे करायला लावणे हा त्यातला मुख्य भाग नव्हता.

वासाचा बाजार आणि कायदा

शिसेइदो या सौंदर्यप्रसाधन कंपनीने एकविसाव्या शतकाच्या वळणावर चाळिशीपुढच्या त्वचेत २-नोनेनाल हे द्रव्य दाखवले आणि त्याच्या वासाला नाव दिले ‘कारेइशू’, वयाचा वास. त्वचेतल्या स्निग्धाम्लांचे हवेने विघटन होऊन तो येतो. मराठीत अशा वासाला ‘खवट’ हा नेमका शब्द आहे. २०१३ मध्ये मान्दोम कंपनीने तिशी-चाळिशीतल्या पुरुषांच्या डोक्याच्या मागच्या भागातून येणाऱ्या वासाचे खापर डायअसेटिलवर फोडले. डायअसेटिल म्हणजे लोण्याला लोण्याचा वास देणारे द्रव्य. ‘बाताकुसाइ’ म्हणून ज्यांना हिणवले ते परदेशी राहिले बाजूला, लोणी घरच्याच साहेबांच्या डोक्यात निघाले. नाव मिळाले की दोष होतो, दोष झाला की बाटली विकता येते. कार्यालयातल्या वासाच्या त्रासाला ‘सुमेहारा’ हा ‘स्मेल हॅरासमेंट’ या इंग्रजी शब्दांना कात्री लावून केलेला शब्द रूढ झाला.

मग उलटेही घडले. कपडे मऊ करणाऱ्या द्रवांचे उग्र सुगंध वाढले आणि त्यांनी डोके दुखणाऱ्यांची तक्रार ‘कोगाइ’ या नावाने पुढे आली. प्रदूषणालाही जपानीत ‘कोगाइ’च म्हणतात, फक्त चिन्ह वेगळे, इथे ‘सुगंध’ हे चिन्ह बसवले आहे. २०२१ मध्ये पाच सरकारी खात्यांनी मिळून याबाबत भित्तिपत्रक काढले.

१९७१ चा दुर्गंध नियंत्रण कायदा मात्र माणसांसाठी नाही, कारखाने आणि व्यवसायांसाठी आहे. त्याखाली बावीस रसायनांवर मर्यादा आहेत, पण अनेक वास मिसळले की यंत्र गोंधळते. म्हणून माणसाचे नाकच मोजमाप म्हणून मान्य आहे. तीन-तीन लिटरच्या तीन पिशव्यांत स्वच्छ हवा भरतात, एकीत नमुना सोडतात आणि सहा जणांना ती पिशवी ओळखायला सांगतात. नमुना टप्प्याटप्प्याने विरळ करत जायचे, नाक हरेपर्यंत. या सहा जणांची निवड कागदाच्या पट्ट्यांवर होते. पाच पट्ट्यांतल्या दोनच भिजवलेल्या असतात आणि वास पाच : गुलाब, करपलेली साखर, पिकलेले पीच, विष्ठा आणि घामट मोजे. ही चाचणी घेणाऱ्याला सरकारी परवाना लागतो.

प्रेमकथेतले नाक

तायामा काताइ यांच्या ‘फुतोन’ (१९०७) या कादंबरिकेच्या शेवटी मध्यमवयीन लेखक निघून गेलेल्या तरुण शिष्येच्या अंथरुणात तोंड खुपसून तिच्या तेलाचा आणि घामाचा वास हुंगत रडतो. त्या काळी यावर मोठी खळबळ उडाली होती. शंभराहून अधिक वर्षांनी तोच हुंगणारा पुरुष विनोदी प्रेमकथेत आला. यामादा किन्तेत्सू यांची ‘आसे तो सेक्केन’ (घाम आणि साबण) ही चित्रकथा २०१८ ते २०२१ या काळात कोदान्शा प्रकाशनाकडून क्रमशः आली आणि तिचे अकरा खंड झाले. साबण बनवणाऱ्या कंपनीत हिशेब पाहणारी आसाको लहानपणी घामावरून चिडवली गेलेली. पिशवीत कायम घाम पुसायचे रुमाल आणि फवारे. उत्पादन विभागातला कोतारो कंपनीच्या दालनात तिचा वास पकडतो आणि नव्या साबणासाठी रोज हुंगू द्या, अशी विनंती करतो. कल्पना ऐकून अंगावर काटा यावा अशीच आहे, आणि कथा तो काटा लपवत नाही. ती टिकते कारण आसाकोला हळूहळू नकारही देता येऊ लागतो.

२०२२ मध्ये एमबीएस या ओसाकाच्या वाहिनीने तिची मालिका केली, आसाको युनो ओहारा आणि कोतारो र्यूजी सातो यांनी साकारले. पडद्यावर वास दाखवता येत नाही. तो पोहोचवायचा तर हुंगणाऱ्याचा चेहरा आणि हुंगली जाणारीची अवघडलेली मान, एवढेच दिग्दर्शकाच्या हाती उरते.