टकळी, पेटी आणि धांड्याची बंडी

ज्वारी निघाली की आमच्याकडे विदर्भात पोरांच्या हाती धांडे, म्हणजे ज्वारीची ताटे, येतात. साल सोलायची, आतले भेंड वेगळे काढायचे, भेंडाच्या चकत्यांची चाके करायची, बाभळीचा काटा आख म्हणून खुपसायचा आणि सालीच्या कांबींची साटी बांधायची. झाली बंडी, म्हणजे छोटी बैलगाडी. चाक काट्यावर घट्ट बसले तर फिरत नाही, नुसते घासत जाते; फार सैल बसले तर डुगडुगते. हे कुणी शिकवत नाही. दोन बंड्या मोडल्या की तिसरीच्या वेळी पोराला आपोआप कळते.

प्राथमिक शाळेत गणित आणि अभियांत्रिकीचे ‘करून पाहा’ प्रकल्प घ्यावेत, असे आता सगळेच म्हणतात. पुठ्ठ्याचे पूल, कागदी नळ्यांचे मनोरे, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे. कल्पना चांगली आहे. पण ती शहरातून नुकतीच आपल्याकडे आली, असा जो समज आहे तो मला खटकतो. तिचा एक मोठा धागा वर्ध्याहून निघाला आहे. तो मधे कुठे तुटला, हे माहीत असलेले बरे.

पंतोजींच्या शाळेत गणित तोंडी होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. ही घोकंपट्टीच होती, तरी घरी शेर-पायलीने धान्य मोजले जाई आणि बाजारात आण्यांचा हिशेब चाले, म्हणून त्या पाढ्यांना पायाखाली जमीन होती. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण घरातले माप आणि पाटीवरचे गणित यांची जुनी गाठ सुटली, आणि नवी मारायला बराच काळ गेला.

त्याआधी २० वर्षे, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि सगळे शिकणे एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, अशी ती मांडणी होती. अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे हेच राष्ट्रपती झाले. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम सेवाग्रामातून सुरू झाले. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने ते चालवले. नाव पडले नई तालीम.

नई तालीम म्हटले की लोकांना प्रार्थना आणि झाडलोट आठवते. मला त्यातले गणित आठवते. कापूस आपल्याच मातीतला. मूल पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) घेते, टकळीवर सूत काढते आणि फाळक्यावर गुंडाळते. फाळक्याचा एक वेढा ४ फुटांचा, त्याला म्हणायचे एक तार. १६० तारांची एक लटी, ४ लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, २५६० फूट सूत. आता ती गुंडी तराजूत घाला. वजन ४ तोळे भरले तर सूत साधारण १० नंबरचे. २ तोळे भरले तर २० नंबरचे. सूत जितके बारीक, तितके वजन कमी आणि नंबर मोठा.

हे व्यस्त प्रमाण आहे! पुस्तकात ते सातवीच्या आसपास येते आणि ‘इतके मजूर, इतके दिवस’ या गणितात अडकून पडते. टकळी चालवणाऱ्या मुलाला मात्र ते बोटांच्या चिमटीत कळे, कारण आपलेच सूत जाड आले की नंबर खाली येई. गुणाकार, भागाकार, सरासरी, मापनातली चूक, सगळे त्या एका गुंडीत होते. आणि सूत कच्चे राहिले तर पीळ कमी पडला की पेळू वाईट होता, हे शोधावे लागे. हा शोध म्हणजेच अभियांत्रिकीची पहिली पायरी.

मग ते टिकले का नाही? एक कारण त्या योजनेच्या पोटातच होते. मुलांच्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, अशी अपेक्षा ठेवली होती. त्या परिषदेतच अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी याला विरोध केला. खुद्द झाकीर हुसेन समितीनेही इशारा दिला की आर्थिक बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागे राहण्याचा धोका आहे. धोका खरा ठरला, असे मला वाटते. किती गुंड्या झाल्या, हा हिशेब राहिला. सूत का तुटले, हा प्रश्न मागे पडला. दुसरीकडे, आईबापांना हवी होती कचेरीतल्या नोकरीची वाट. आपल्या पोराने शाळेत जाऊनही सूतच कातायचे का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

पुढे कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचवला आणि तो वेळापत्रकात आला. आला तो तासिका म्हणून. गणिताच्या तासाला गणित, कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले. ज्या दोन गोष्टी सेवाग्रामात एकाच गुंडीत होत्या, त्यांच्यामध्ये शाळेची घंटा आली.

दुसरा धागा सातपुड्याच्या पलीकडून आला. होशंगाबाद जिल्हा आणि आपला विदर्भ १९५६ पर्यंत एकाच राज्याचे भाग होते. तिथे १९७२ मध्ये १६ मिडल स्कूलमधून (सहावी ते आठवी) होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुस्तकातले उत्तर पाठ करायचे नाही, प्रयोग करून काढायचे, हा त्याचा नियम. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये एकलव्य संस्था उभी राहिली, आणि २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. याच वातावरणात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी जोडून आकार करायला सुरुवात केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडून तिरका होतो. त्यात कर्णाची काडी घाला, तो ताठ उभा राहतो. मुलांना हे दाखवून झाले की मी त्यांना टिनाच्या छपराखालची लोखंडी कैची, म्हणजे छप्पर तोलणारा सांगाडा, पाहायला पाठवतो. सगळीकडे त्रिकोण का, हे मग सांगावे लागत नाही.

१९८७ मध्ये केंद्राची खडू-फळा योजना आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. त्यात गणिताची पेटी, विज्ञानाची पेटी, छोट्या हत्यारांची पेटीसुद्धा होती. हातोडी, पक्कड, करवत खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पोचावी, हा विचार मोठा होता. पण पेटी आली की ती जडसंग्रह नोंदवहीत चढते. एक ठोकळा हरवला तर जबाब गुरुजींनी द्यायचा. मी नोकरीला लागलो त्या शाळेत अशी पेटी कुलपात होती आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला आठवत नव्हते. गुरुजींना मी आळशी म्हणणार नाही. ज्या वस्तूच्या तुटण्याची भीती असते ती मुलांच्या हाती कुणी देत नाही, आणि न तुटता कुणी शिकत नाही. धांडा तुटला तर दुसरा धांडा आहे.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या, वर्गांची चर्चा विदर्भातही झाली. फरशीवर संख्यारेषा रंगल्या, काड्यांचे दशक-गठ्ठे आले. यामुळे वर्ग खरोखर बदलले, हे मी पाहिले आहे. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू बनवून पाहायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, मात्र सहावीपासून पुढे आहेत. चौथी-पाचवीपर्यंतच्या गावशाळेला त्या लागूच नाहीत. खुद्द सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन शाळा नई तालीम पुन्हा चालवते आहे. शेती, स्वयंपाक, सूत यांतूनच तिथे गणित येते.

माझ्याकडे लॅब नाही, पण पोळा आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले चाकांचे लाकडी बैल ओढत बोजारा (खाऊ-पैसे) मागायला घरोघर जातात, आणि त्याच्या आठवडाभर आधी माझ्या वर्गात चाकांचे काम सुरू होते. पहिला धडा खऱ्या बंडीचा. गावात लाकडी चाकांची आता एकच उरली आहे. जुने लोहार चाकाचा घेर मोजून धाव, म्हणजे चाकावरचे लोखंडी कडे, त्याहून थोडी आखूड करत, ती तापवून फुगवत, चाकावर चढवून पाणी ओतत; निवताना ती आवळून बसे. ते ऐकून झाले की मुले धावेवर खडूची खूण करतात, बंडी एक फेरी पुढे ढकलतात आणि तेवढी सुतळी कापतात. मग ती चाकाच्या रुंदीवर, म्हणजे एका काठापासून मधून समोरच्या काठापर्यंत, ठेवतात. तीनदा बसते आणि तुकडा उरतो. तो तुकडा रुंदीवर मोजत नेला की साधारण सातदा बसतो. सायकलच्या चाकावरही सातदा. मग कुणीतरी घरून ताटली आणते, कुणी आईची बांगडी.