टायर खराब की टायर चुकीचा?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी साताऱ्यात गाडीचे चारही टायर बदलले आणि पंधरा दिवस भलताच खूश होतो. गाडीचं अ‍ॅव्हरेज १९ वरून २० वर गेलं होतं. मग एका रविवारी यवतेश्वरमार्गे कासला निघालो आणि वाटेतल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. त्याच गतिरोधकावरून मी वर्षानुवर्षं जातोय, कधी घासलं नव्हतं. घरी आल्यावर खाली वाकून टायरवरचे आकडे वाचले. जुने टायर १६५/८० आर १४ होते. हे निघाले १६५/७० आर १४.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि पहिल्याच वाक्याला चुकलो. म्हटलं, "दादा, टायर खराब दिलेत तुम्ही." तो शांतपणे म्हणाला, "खराब असतील तर कंपनीकडं क्लेम टाकू की साहेब. फॉर्म भरून द्या." मी भरून दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, टायरमध्ये दोष नाही. उत्तर अगदी खरं होतं. टायर उत्तमच होते, फक्त माझ्या गाडीचे नव्हते.

टायर खराब असणं आणि टायर चुकीचा असणं, या दोन तक्रारी बोलताना आपण सर्रास एक करतो. पण त्यांचे दरवाजे वेगळे आहेत.

खराब टायर म्हणजे बनवतानाच बिघडलेला. पट्टा सुटतो, रबराचा थर उकलतो, बॅलन्सिंग करूनही चाक थरथरतं. याचं उत्तर कंपनीनं द्यायचं असतं, दुकानदार बहुतेक वेळा मधला माणूस. कंपनीचा माणूस टायर तपासतो, नक्षी किती मिलिमीटर उरली ते मोजतो आणि क्लेम मंजूर झाला तर जेवढी झीज झाली तेवढे पैसे साधारणपणे आपल्याकडून घेऊन नवा टायर देतात. निम्मा घासला असेल तर निम्मे पैसे आपले. खड्ड्यात आपटून बाजूला आलेला फुगवटा किंवा हवा कमी ठेवून चालवल्यामुळं झालेली झीज यात सहसा बसत नाही.

चुकीच्या टायरचा हिशोब मात्र दुकानातच सुरू होतो आणि दुकानातच संपायला हवा. तिथं टायर तपासायची गरजच नाही. काय मागितलं, काय दिलं, आणि गाडीला काय लागतं, एवढंच बघायचं. झिजेप्रमाणे पैसे कापायचा प्रश्न इथं खरं तर येऊ नये. पण दिवस जातात तसा तो येतोच: "एवढं चालवल्यावर कसे परत घेऊ?" माझे तीन आठवडे त्या फॉर्मनं खाल्ले आणि मीटरवर आणखी सहाशे किलोमीटर चढले.

दुकानदाराचा ठेवणीतला मुद्दा असा, "बसलाय की टायर, मग चुकीचा कसा?" बसला, कारण शेवटचा १४ हा आकडा रिमचा, इंचांत, आणि तो सारखाच आहे. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तीही सारखीच. मधला आकडा सांगतो की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, ७० टक्के म्हणजे ११५.५. गाडी साडेसोळा मिलिमीटर खाली बसली, म्हणून पोट घासलं. चाकाचा व्यास ६१९.६ वरून ५८६.६ मिलिमीटरवर आला, सव्वापाच टक्क्यांनी कमी. तेवढंच अंतर कापायला चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर मोजतो. माझं वाढलेलं अ‍ॅव्हरेज ते हेच. महामार्गावर काटा ८० दाखवायचा तेव्हा मोबाइल ७४ दाखवत होता (काटा आधीपासूनच थोडा पुढं असतो, ते सोडा).

पण भांडणात वजनदार मुद्दा वेगळाच निघाला. मापाशेजारी भाराचा आकडा असतो. माझ्या जुन्या टायरवर ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नव्यावर ८१, म्हणजे ४६२ किलो. चार टायरांत २१२ किलोंचा फरक. खंबाटकीतून पाच माणसं आणि सामान घेऊन उतरायचं असेल तर हे "चालतंय हो" म्हणण्यासारखं नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. माप वेगळं म्हणजे चुकीचंच, असं नाही. स्विफ्टच्या काही पिढ्यांमध्ये साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ कंपनीच देत आली. त्या दुसऱ्याचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, फरक दोन मिलिमीटरही नाही. आणि आपणच चुकीचं माप सांगून टायर मागवले असतील, तर दुकानदाराला बोल लावायची सोय नाही.

कायद्यातही हे दोन शब्द वेगळे ठेवलेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' हा वस्तूच्या दर्जातला, प्रमाणातला किंवा मानकातला, आणि 'त्रुटी' ही सेवा देण्यातली. माप बघून टायर सुचवणं आणि चढवणं ही सेवा. म्हणून अर्जात "सदोष टायर" एवढंच लिहून थांबू नका, कोणतं माप हवं होतं आणि कोणतं बसवलं ते पहिल्याच ओळीत लिहा. आधी दुकानाला लेखी पत्र, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. टायर पुण्यात घेतले असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

पुरावा म्हणून चालकाच्या दारापाशी खांबावर मापाचं स्टिकर असतं त्याचा फोटो, चारही टायरांवरच्या आकड्यांचे फोटो आणि मीटरचा फोटो, सगळे एकाच दिवशी काढा. बिल तर हवंच. माझ्या बिलावर नुसतं '१६५ आर १४' होतं. मधला आकडा लिहिलाच नव्हता, आणि मीही वाचला नव्हता.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. भाराचे आकडे आणि स्टिकरचा फोटो समोर ठेवल्यावर दुकानदार जरा गप्प झाला, मग म्हणाला, "काका, टायर बदलून देतो, पण बॅलन्सिंगचे पैसे द्यावे लागतील." मी दिले. देऊ नयेत, असं बायकोचं अजूनही म्हणणं आहे.