'गॅप'ची भीती आणि कंबरदुखी

"कंबर दुखस," असं मावशी म्हणाली की घरातले सगळे गप्प व्हायचे. यावल तालुक्यात कापूस वेचण्यात आणि केळीच्या बागांत तिचं आयुष्य गेलं. एमआरआय काढला, 'मणक्यात गॅप आहे' असं तिच्या कानावर पडलं, आणि तिने वाकणंच सोडलं. भाकरी थापायलाही खाली बसेना.

या 'गॅप' शब्दाने आपल्याकडे फार माणसं घाबरवली आहेत. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. वयाबरोबर केस पिकतात, तशीच ही झीज, जिला आपण 'गॅप' म्हणतो.

मग दुखतं का? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. शरीराकडून येणारे संदेश तिथून मेंदूकडे जातात आणि मेंदूही वरून ते फाटक उघडतो, लोटतो. भीती आणि काळजी ते उघडायला लावतात. दुखणं तीन महिन्यांपलीकडे टिकलं, तर त्याला जुनाट म्हणतात. अशा वेळी मज्जासंस्थाच हळवी होऊन बसलेली असू शकते. जखम भरली तरी धोक्याची घंटा वाजत राहते. वेदना पूर्ण खरी असते. सुनेला किंवा सासूला 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुखेल या भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने स्नायू दुबळे होतात, मग थोडं वाकलं तरी जास्त दुखतं. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, ही विचार आणि वागणं बदलण्याची उपचारपद्धती या फेऱ्यालाच हात घालते. 'वाकले तर मणका मोडेल' हा विचार आधी तपासायचा, मग थोडं थोडं वाकून पाहायचं. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार जुनाट दुखण्यात सीबीटीचा सरासरी फायदा लहान आहे. हा जादूचा मंत्र नाही. तरी वर्षानुवर्षं खाटेला धरून बसलेल्या बाईला स्वतःच्या पायांनी शेतापर्यंत जाता येणं मला लहान वाटत नाही.

यातली एक रीत तर शेतकऱ्याला लगेच पटावी. बरं वाटलं त्या दिवशी मावशी दोन पाती उरकायची आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायची. त्याऐवजी काम घड्याळावर बांधायचं: वीस मिनिटं वेचणी, मग उभं राहून विसावा. बरं वाटत असलं तरी तेवढंच, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. चांगल्या दिवशी थांबणं हेच सगळ्यात अवघड जातं.

मात्र पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, ताप किंवा अकारण वजन घटणं यांपैकी काही दिसलं तर आधी डॉक्टर गाठा, तेही लगेच.

मावशी आता पुन्हा खाली बसून भाकरी थापते. कंबर अजून दुखते. पण कण्हत उठताना ती 'गॅप'चं नाव काढत नाही.