‘आमच्याकडे तसं कुणी नाही’: ज्येष्ठांच्या सेवेतला जुना गैरसमज

वृद्धाश्रम असो की घरपोच सेवा, एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असलेल्या आणि ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) ज्येष्ठांचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्याकडे तसं कुणी नाही, आणि असलं तरी आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो.’

कुणी सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये. म्हणजे आज पंचाहत्तरीत असलेल्या माणसाचं तारुण्य ‘आजारी’ या शिक्क्याखाली गेलं. कित्येक देशांत तर ‘गुन्हेगार’ म्हणून. लपवणं ही त्यांची जगण्याची रीत होती. आता अंघोळीपासून औषधापर्यंत परक्यांवर अवलंबून असताना ही जोखीम कोण घेईल? उघडपणे जगलेले काहीजणही संस्थेत आल्यावर पुन्हा गप्प होतात.

राहिलं ‘सारखंच वागवतो’. अर्जात ‘पती/पत्नी’ एवढाच रकाना असेल, तर अनेक वर्षांचा जोडीदार ‘मित्र’ म्हणून नोंदवला जातो, आणि तब्येत बिघडली की फोन जातो दूरच्या पुतण्याला. रकाना बदलायला खर्च तो किती!

भिंतीवर इंद्रधनुष्याचं, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या खुणेचं, पोस्टर लावणं त्याहून सोपं, पण रात्रपाळीच्या मदतनीसाला प्रशिक्षण नसेल तर ते शोभेपुरतंच. ट्रान्सजेंडर व्यक्तीला कोणत्या नावाने हाक मारायची, अंघोळीला कुणाची मदत चालेल, हे तिलाच विचारावं. मात्र ‘तुम्ही समलिंगी आहात का?’ असं थेट विचारू नये. ‘तुमची जवळची माणसं कोण?’ असं विचारावं, आणि मिळालेलं उत्तर त्यांच्या परवानगीशिवाय फाइलमध्ये लिहू नये.